कमी पैशांतला जंगल-भयपट: आधी जंगल, मग गोष्ट, मग कॅमेरा

इंदूरच्या कॉलेजातली मराठी पोरं दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत भयपट करायला निघतात. त्यांतले बरेच एडिटिंगच्या टेबलावर माझ्याकडे येतात, कारण आवाज ऐकू येत नाही किंवा चित्र दिसत नाही. मेहनत खरी असते, पोरं रात्र-रात्र जागलेली असतात. पण जवळपास प्रत्येक सिनेमात पाच मित्र, एक गाडी, बंद पडलेलं इंजिन, पडका बंगला आणि शेवटी पांढऱ्या साडीतली बाई. हे सगळं आधी पाहिलेल्या सिनेमांतून आलेलं असतं, कारण गोष्ट घरी सोफ्यावर बसून लिहिलेली असते. जंगल नंतर शोधलं जातं, परवानगी शेवटच्या आठवड्यात आठवते आणि आवाजाचा विचार कोणी केलेलाच नसतो.

खाली दिलेला क्रम वीस-पंचवीस मिनिटांच्या फिल्मसाठी आहे: पाच-सहा कलाकार, मागे आठ-दहा जण, एक साधा कॅमेरा किंवा चांगला मोबाईल. क्रम मोडू नका. माझ्याकडे आलेल्या बहुतेक फिल्म क्रम मोडल्यामुळेच फसल्या होत्या.

१. जागा: गोष्टीचा एक शब्द लिहिण्याआधी

खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे चोरलकडे उतरलं की विंध्याचा सागवानी पट्टा लागतो. महू-मानपूरकडे जानापावच्या उतारावरही तसंच जंगल आहे. हे पानगळीचं जंगल, हे विसरू नका. एप्रिल-मेमध्ये तिथे उघडे खांब उभे असतात, आरपार दिसतं आणि भीती वाटत नाही. पावसाळ्यात हिरवळ उत्तम, पण चिखल, डास आणि भिजलेला कॅमेरा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबर हा काळ धरा. पानं झाडावर असतात, पाऊस संपलेला असतो आणि पहाटे दरीत धुकं मिळण्याची आशा असते.

माझा आग्रह असा की खऱ्या वनजमिनीत जाऊच नका. जंगलाला लागून असलेलं ओळखीचं खासगी शेत शोधा, ज्याच्या बांधावर साग, पळस, बांबू आहे. पंधरा झाडं आणि एक ओढा पुरतो. कॅमेऱ्याला चौकटीबाहेरचं दिसत नाही.

रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, दोनदा जा. एकदा दिवसा आणि एकदा ज्या वेळेला शूटिंग करणार त्या वेळेला. दुसऱ्या फेरीत कॅमेरा नेऊ नका. जमिनीवर बसा, डोळे मिटा आणि अर्धा तास नुसतं ऐका. घाटातले ट्रकचे हॉर्न, गावातली कुत्री, देवळाच्या भोंग्यावरची आरती आणि सगळ्यात वाईट म्हणजे विहिरीवरची मोटर. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असली की मोटर रात्रभर घरघरते. शेतमालकाला वीज कधी असते ते विचारा आणि तारखा त्यावरून ठरवा.

तपासा: मोबाईलचं नेटवर्क नेमकं कुठे येतं? गाडी कुठपर्यंत जाते? जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे? ही तीन उत्तरं कागदावर आल्याशिवाय जागा पक्की करू नका.

२. परवानगी

खासगी जमीन असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. तारखा, वेळ, माणसांची संख्या आणि गाड्या, सगळं त्यात लिहा. एक प्रत गावच्या सरपंचांना द्या आणि एक जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. रात्री शेतात दिवे आणि किंकाळ्या म्हटल्यावर गाव काठ्या घेऊन येणारच, त्यात गावाची चूक नाही.

वनजमीन असेल तर वनमंडळ कार्यालयात अर्ज हिंदीत द्या आणि किमान महिनाभर आधी द्या. इंदूरजवळचं राळामंडळ हे अभयारण्य आहे. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. चित्रीकरणाची परवानगी मिळू शकते, पण अधिवासात काही बदल होणार नाही या अटीवरच. फांद्या तोडून तंबूची जागा करणं, धूर, जाळ, मोठा आवाज यांतलं काहीही चालत नाही. भयपटाला तर नेमकं हेच लागतं, म्हणून अभयारण्याचा नाद सोडा.

खबरदारी: महू ही लष्करी छावणी आहे. त्या बाजूला ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर हद्द बघा. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी बंदी असलेल्या हद्दीत तो चालत नाही. आणि खरं सांगायचं तर वरून दिसणारं जंगल कोणालाच घाबरवत नाही. ड्रोन घरीच ठेवा.

३. गोष्ट: नक्कल इथे टळते किंवा इथेच शिरते

आता लिहायला बसा, तेही त्या जागेवर. तिथे काय आहे त्याची यादी करा: वाळलेला ओढा, वाकडा साग, बुजलेली विहीर, गुरांची पायवाट. यादीत नसलेलं काहीही गोष्टीत आणायचं नाही. पडका बंगला यादीत नसेल तर गोष्टीतही नाही.

मग घरी आजीला विचारा. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत भुतांच्या गोष्टींची वाण नाही, आणि त्यांतली एक तर जंगल-भयपटासाठीच घडल्यासारखी आहे: चकवा. रात्री वाट चुकलेला माणूस चालत राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, पहाट होईपर्यंत. कमी पैशांत काम करणाऱ्याला यापेक्षा काय हवं? एकच झाड, एकच वळण, एकच दगड. पोरं तिथे पहिल्यांदा येतात तेव्हा वाकड्या सागाच्या बुंध्याशी पाण्याची रिकामी बाटली ठेवतात. दुसऱ्यांदा येतात तेव्हा बाटली तिथेच. तिसऱ्यांदा येतात तेव्हा बाटली तिथेच असते, पण भरलेली. भूत नाही, मेकअप नाही, खर्च पाण्याचा. प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतो.

लिहिताना या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.

मोबाईल. "नेटवर्क नाही" या एका वाक्यावर भागवू नका. पोरांकडे उजेडासाठी मोबाईलचाच टॉर्च आहे आणि टॉर्च बॅटरी खातो. म्हणजे उजेड हवा की फोन जिवंत ठेवायचा, हा झगडा दर प्रसंगात राहतो. १९ टक्के, ११ टक्के, ४ टक्के. स्क्रीनवरचा आकडाच तुमचं घड्याळ होतो.

वेगळं होणं. "तू इकडे जा, मी तिकडे जातो" हे शहाणी पोरं करत नाहीत. ती वेगळी का झाली याचं कारण प्रेक्षकाला पटलं पाहिजे. एकाचा पाय मुरगळला, दोघं पाणी आणायला ओढ्यापर्यंत गेले आणि ओढा सकाळी होता तिथे नव्हता, असं काहीतरी.

बोली. इंदूरची पोरं आपसात हिंदीच बोलतात, ते तसंच राहू द्या. मराठी घरातलं पोर घाबरलं की त्याच्या तोंडून "आई गं" निघतं आणि पुढचं वाक्य मराठीत येतं. हा बदल फिल्ममध्ये दोनदाच वापरा, पण नेमक्या जागी. पुस्तकी मराठी संवाद पोरांच्या तोंडी बसत नाहीत आणि भीती तिथेच मरते.

दाखवणं. जे काही जंगलात आहे ते पहिल्या दोन-तृतीयांश भागात दिसू नये. पात्रं त्याच्याकडे बघताना दिसावीत.

तपासा: गोष्ट अशा माणसाला तोंडी सांगा ज्याने खूप भयपट पाहिलेत. "हे मी पाहिलंय" असं तो जिथे म्हणेल तिथे खूण करा. तीनपेक्षा जास्त खुणा झाल्या तर पुन्हा शेतावर जा.

४. माणसं

पात्रं सोळा-सतरा वर्षांची असली तरी कलाकार अठरा पूर्ण झालेलेच घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर कलेक्टरची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम करवता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. रात्रीच्या जंगलात ही जबाबदारी घेऊच नये.

कलाकारांच्या घरी स्वतः जा. आई-बाबांना जागा, परतायची वेळ आणि दोन फोन नंबर द्या. मुलींना कपडे बदलायला बंद खोली आणि स्वच्छतागृह हवं, "शेतात बघू" हे उत्तर चालणार नाही. शेतमालकाच्या घरातली एखादी काकू थांबणार असेल तर अर्धी काळजी मिटते.

५. उजेडाची चाचणी, शूटिंगच्या आठवडाभर आधी

सगळ्यात जास्त फिल्म इथे बुडतात. काळोख्या रात्री काळोख चित्रित होत नाही, फक्त दाणे उठलेलं करडं चित्र मिळतं. भयपटातली रात्र उजेडानेच तयार करावी लागते. तीन मार्ग आहेत.

संधिप्रकाश. नोव्हेंबरच्या मध्यात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटं आकाश निळं असतं. या वेळात झाडांच्या आकृती दिसतात, टॉर्चही दिसतो आणि वेगळा दिवा लागत नाही. पहाटे पुन्हा तेवढाच वेळ मिळतो. फिल्ममधले जंगलाचे सगळे रुंद शॉट या दोन वेळांसाठी राखून ठेवा. चोरलच्या दरीत डोंगरामुळे अंधार लवकर पडतो, त्याची नोंद रेकीतच घ्या.

दिवसाची रात्र. ढगाळ दिवशी किंवा डोंगराच्या सावलीत शूट करायचं. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग) ३२०० केल्विनवर ठेवायचा म्हणजे चित्र निळसर होतं, आणि एक्स्पोजर दोनेक स्टॉप खाली आणायचं, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड साधारण पाव करायचा. आकाश चौकटीत अजिबात नको, ते दिसलं की लबाडी उघडी पडते. ऊन असलंच तर ते पात्रांच्या पाठीमागून यावं, चंद्रासारखं.

एकच दिवा मागून. खरी रात्र हवीच असेल तर एक बऱ्यापैकी एलईडी दिवा झाडांच्या मागे, उंचावर, कॅमेऱ्याच्या समोरच्या दिशेला पण चौकटीबाहेर लावा. पात्रांच्या कडा उजळतात आणि चेहरा अंधारात राहतो. चेहऱ्यासाठी पात्राच्या हातातला टॉर्च पांढऱ्या थर्माकोलच्या पत्र्यावर मारायचा. पत्रा चौकटीच्या खाली कोणीतरी धरून बसतं आणि परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो.

फ्रेम-रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ असेल तर शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून या शटरला विजेचे दिवे चित्रात लुकलुकत नाहीत. स्वस्त टॉर्च मंद केल्यावर मात्र लुकलुकतात, म्हणून ते पूर्ण उजेडावरच वापरा. मोबाईलवर शूट करत असाल तर फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर टॉर्च हलला की अख्खं चित्र श्वास घेतल्यासारखं वर-खाली होतं.

तपासा: चाचणीचं चित्र मोबाईलवर पाहून खूश होऊ नका. टीव्हीवर लावा, खोलीतला दिवा चालू ठेवून. तेव्हाही पात्राचे डोळे दिसले पाहिजेत.

६. वेळापत्रक

कथेच्या क्रमाने शूट करू नका आणि शेवटची किंकाळी पहिल्या रात्रीला ठेवू नका. पहिल्या दिवशी सोपा, मधला, दोन पात्रांचा संवाद घ्या. त्यात सगळ्यांचे हात बसतात. संध्याकाळच्या वीस मिनिटांत चारच शॉट होतात, पाचवा लिहू नका. हे चार शॉट दुपारी चारपासून कोरडे करून बघायचे: कॅमेरा कुठे, पाय कुठे, कोण कधी वळणार. पावणेसहाला फक्त बटण दाबायचं.

रात्री अकरानंतर काम बंद. दमलेली माणसं चुका करतात आणि जंगलात चूक म्हणजे पाय मोडणं.

७. आवाज

प्रेक्षक डोळे मिटू शकतो, कान मिटू शकत नाही. उजेडाला खर्च केलात तेवढाच जीव आवाजाला लावा.

कॅमेऱ्याचा माईक विसरा. प्रत्येक कलाकाराच्या कपड्यात कॉलर-माईक आणि खिशात त्याचाच फोन, विमान-मोडवर, रेकॉर्डिंग चालू. स्वतंत्र रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि बोलण्याची पातळी वजा १२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे किंकाळी फाटण्याचा धोका कमी होतो. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी, म्हणजे नंतर सगळे ट्रॅक जुळवता येतात.

सागाचं वाळलेलं पान हे आपल्या जंगलातलं मोठं संकट आहे. ताटाएवढं पान, पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज, आणि त्याखाली सगळा संवाद गडप. पाय चौकटीत नसतील तेव्हा चालण्याच्या वाटेवर ओली बारदानं अंथरा. आवाज एकदम बसतो. मग तीच पानं पोत्यात भरून घरी आणा, खोलीत पसरा, त्यावर चाला आणि पावलांचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. आता पावलं तुमच्या हातात आली: पाच पात्रं चालताहेत, पाच जोड्या ऐकू येताहेत, सगळे थांबतात आणि सहावी जोडी दोन पावलं उशिरा थांबते. आमच्या एका फिल्मवर हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा टेबलाशी बसलेल्या दोघांनी मागे वळून पाहिलं होतं.

रातकिड्यांचं गणित वेगळं. सातला ते जोरात असतात, थंडी वाढली की मंद होतात. एकाच प्रसंगातला एक शॉट सातचा आणि दुसरा दहाचा असेल तर जोड लगेच कळतो. म्हणून प्रसंग शक्यतो एका बैठकीत संपवा आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून दोन मिनिटं नुसतं जंगल रेकॉर्ड करा. हाच ट्रॅक पुढे जोड झाकतो. आणि भीतीच्या क्षणाआधी रातकिडे अचानक बंद करायचे असतील तरीही हाच लागतो.

हाड मोडण्याला ऊस किंवा मुळा, मांसाला ओला टॉवेल. एवढं पुरे.

८. रक्त

बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि थोडं पाणी. कोकोशिवाय रक्त सरबतासारखं दिसतं. घट्टपणा कॉर्नफ्लोअरने आणा. आदल्या दिवशी कलाकाराच्या मनगटावर लावून बघा, त्वचेवर पुरळ येत नाही ना आणि रंग धुतला जातो ना, दोन्ही कळतं.

हे गोड रक्त आहे, हे मी एकदा विसरलो. मानेला रक्त लावलेली मुलगी पाचोळ्यात आडवी होती, आम्ही दुसऱ्या टेकसाठी दिवा सरकवत होतो आणि दहा मिनिटांत तिच्या कानामागे काळ्या मुंग्यांची रांग लागली. ती बिचारी भूमिकेत राहून हलली नाही. चूक माझी होती. तेव्हापासून जमिनीवर पडायच्या शॉटला पाचोळ्याखाली प्लास्टिक असतं, रक्त शेवटच्या क्षणी लागतं आणि कट म्हटल्याबरोबर ओलं फडकं तयार असतं.

कपडे एकसारखे तीन घ्या: स्वच्छ, मळलेला, रक्ताचा. राजवाड्याच्या बाजारात साधे टीशर्ट स्वस्तात मिळतात. प्रत्येक प्रसंगानंतर कलाकाराचा समोरून आणि मागून फोटो काढा. डाग डावीकडचा उजवीकडे गेला की प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतो.

९. शूटिंगची रात्र

शेकोटी पेटवू नका. वाळल्या सागाच्या पानाला ठिणगी पुरते. दोन दिव्यांवर नारिंगी जिलेटीन कागद लावा, समोर कोणीतरी बोटं हलवा, चेहऱ्यावर शेकोटीच दिसते. धुकं हवं असेल तर फक्त खासगी शेतात, धुपाटण्यात धूप आणि नारळाची शेंडी, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि धुपाटणं सोडून न हलणारा एक माणूस. दम्याचा त्रास कोणाला आहे ते आधी विचारा.

सगळ्यांच्या पायात बंद बूट, कलाकारांच्याही. अनवाणी भुताचा शॉट झाडून साफ केलेल्या सतरंजीएवढ्या जागेतच घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साप बाहेर असतात. कोणाला साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करू नका. अंगठी-कडं काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात थेट न्या, इंदूरला म्हणजे एमवायला (महाराजा यशवंतराव सरकारी रुग्णालय). एक गाडी, चालकासकट, रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी हवी. ती सामान आणायला पाठवायची नाही. या पट्ट्यात बिबट्याही आहे, म्हणून एकट्याने अंधारात कोणीही जायचं नाही, लघवीलाही नाही.

तपासा: दर टेकनंतर माणसं मोजा. रात्री झोपण्याआधी कार्डातला सगळा माल दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि उघडून बघा. तोवर कार्ड पुसायचं नाही.

१०. संकलन

आधी चित्र न बघता फक्त आवाज जोडा आणि दिवा बंद करून ऐका. गोष्ट कळली आणि अंगावर काटा आला तर फिल्म आहे. मग चित्र लावा. दचकवण्याच्या जागा दोनपेक्षा जास्त ठेवू नका. दर दोन मिनिटांनी मोठा आवाज केलात की प्रेक्षक तिसऱ्यांदा कान बंद करून बसतो. शॉट आणखी दोन सेकंद धरला तर काय होतं ते प्रत्येक ठिकाणी करून बघा. रिकाम्या पायवाटेवर कॅमेरा थांबला की बघणारा स्वतःच झाडांमध्ये काहीतरी शोधायला लागतो.

रात्रीचे शॉट एकमेकांशी रंगात जुळवा. संध्याकाळचा निळा आणि दिव्याचा निळा वेगळे असतात.

तयार फिल्म गटाबाहेरच्या चार जणांना दाखवा. तुम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघा. ज्या मिनिटाला फोन हातात गेला ते मिनिट लिहून ठेवा. स्पष्टीकरण देऊ नका, कारण यूट्यूबवर तुम्ही शेजारी बसलेले नसता.

११. बाहेर काढताना

संगीत उचललेलं असेल तर यूट्यूबवर दावा येतो आणि फिल्म अडकते. म्हणून स्वतः वाजवलेलं किंवा परवान्यासह घेतलेलंच वापरा. पेटीचा एक लांबवलेला खालचा सूर जंगलाच्या आवाजाखाली घालून बघा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. तिकीट लावून चित्रपटगृहात दाखवायची असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. कलाकारांची, जागामालकाची आणि संगीताची संमतीपत्रं मात्र शूटिंगच्या दिवशीच सही करून घ्या. सहा महिन्यांनी एक जण पुण्याला, एक बंगळुरूला गेलेला असतो आणि एका सहीसाठी अख्खी फिल्म पडून राहते.

शेतमालकाला लिंक पाठवू नका, स्वतः जाऊन दाखवा. आणि जाताना त्या वाकड्या सागाखाली आपली बाटली राहिली असेल तर उचलून आणा.